स्टीलचा सेफ्टी रेझर : खर्च की गुंतवणूक?

बदलीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून जयपूरला गेलेल्या कुटुंबाला नव्या गावाची पहिली ओळख बहुधा तेथील पाणीच करून देते. शहराचा मोठा भाग टोंक जिल्ह्यातील बनास नदीवरच्या बिसलपूर धरणाच्या पाण्यावर अवलंबून आहे. परंतु कडेच्या अनेक वसाहतींना बोअरवेलचा आधार घ्यावा लागतो आणि ते पाणी जड व क्षारयुक्त असते. साबणाला पुरेसा फेस येत नाही, नळाच्या तोटीवर पांढरा थर साचतो, न्हाणीघरातील धातूच्या वस्तू लवकर निस्तेज होतात. दाढीचा रेझर ही त्यांपैकीच एक. मुलामा उडालेला रेझर टाकून देण्याची वेळ आली की, ‘एकदाच चांगला स्टीलचा घ्यावा, जन्माची काळजी मिटली’ असा विचार मनात येतो. हा विचार हिशेबाच्या कसोटीला कितपत उतरतो, ते पाहण्यासारखे आहे.

प्रथम दोन वेगळे प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. कारण विक्रेता ते हमखास एकत्र करतो. कार्ट्रिजचा रेझर सोडून दुधारी ब्लेडचा सेफ्टी रेझर घ्यावा का, हा पहिला प्रश्न. सेफ्टी रेझर घ्यायचाच, तर तो मुलाम्याचा घ्यावा की भरीव स्टीलचा, हा दुसरा. पहिल्या प्रश्नातील बचत दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरादाखल दाखवली जाते आणि ग्राहक फसतो.

उदाहरणादाखल काही आकडे गृहीत धरू. प्रत्येकाने आपल्या दुकानातील भाव घालून हिशेब पुन्हा करावा. कार्ट्रिज दीडशे रुपयांचे आणि पंधरवडाभर टिकणारे असेल, तर वर्षाला २६ कार्ट्रिजचे ३,९०० रुपये होतात. दुधारी ब्लेड पाच रुपयांचे असून आठवड्याला एक लागले, तर वर्षाचा खर्च २६० रुपये. फरक ३,६४० रुपयांचा. वाणिज्य शाखेच्या भाषेत मूठ हा भांडवली खर्च आणि ब्लेड हा महसुली खर्च. येथे सारी बचत महसुली बाजूला आहे. चार हजारांची स्टीलची मूठ घेतली तरी ती तेरा-चौदा महिन्यांत वसूल होते, हे विक्रेत्याचे म्हणणे खोटे नाही. मात्र चारशे रुपयांची मुलाम्याची मूठ दीड महिन्याच्या आतच वसूल होते, हे तो सांगत नाही. आणि जो ग्राहक आधीपासून दहा-पंधरा रुपयांचे साधे कार्ट्रिज वापरतो, त्याची बचत तर फारच थोडी.

आता दुसरा प्रश्न. चारशेचा रेझर पाच वर्षे टिकतो असे धरू. पैशाला सहा टक्के व्याज मिळते असे मानल्यास त्याचा वार्षिक भार सुमारे ९५ रुपये पडतो. चार हजारांचा स्टीलचा रेझर पंचवीस वर्षे टिकला, तर वार्षिक भार सुमारे ३१३ रुपये. तो अमर आहे असे मानले तरी चार हजारांवरील बुडालेले व्याजच वर्षाला २४० रुपये होते. म्हणजे साधा रेझर पावणेदोन वर्षांच्या आसपास निकामी होत असेल, तरच अमर स्टील बरोबरीला येते. ‘पिढ्यान्‌पिढ्या टिकेल’ या जाहिरातीच्या वाक्यात व्याजाला जागा नसते. हाच रेझर क्रेडिट कार्डावर घेऊन थकबाकी दरमहा तीन टक्क्यांच्या आसपास व्याजाने पुढे ढकलणाऱ्याने तर टिकाऊपणाचा विषय न काढलेलाच बरा.

स्टीलचा रेझर दोन हजारांत मिळाला की चित्र बदलते. व्याज १२० रुपयांवर येते आणि साधा रेझर सुमारे पावणेचार वर्षांत निकामी होत असेल, तर स्टील बरोबरी साधते. पुण्या-नाशिकच्या नळाच्या पाण्यात मुलाम्याचा रेझर याहून अधिक टिकणे शक्य आहे. बोअरवेलच्या खाऱ्या पाण्यात तो तेवढाही टिकेल याची खात्री देता येत नाही. म्हणून जयपूरच्या कडेच्या वसाहतीत राहणाऱ्या ग्राहकाचा निर्णय वेगळा होऊ शकतो.

त्याचे कारण धातूत आहे. स्वस्त रेझरचे डोके बहुतांशी जस्ताच्या मिश्रधातूचे असते. त्यात सुमारे चार टक्के अ‍ॅल्युमिनियम असते. हा मिश्रधातू चारशे अंश सेल्सिअसच्या आतच वितळतो, साच्यात सहज ओतता येतो, म्हणून स्वस्त. वरून क्रोमचा मुलामा दिलेला असतो. रेझर फरशीवर पडून मुलाम्याला चीर गेली की खारे पाणी आतल्या जस्तापर्यंत पोहोचते, तेथे फोड येतात आणि एके दिवशी पिळाचा खुंटच मोडतो. पांढरा थर काढण्यासाठी लिंबू किंवा व्हिनेगर चोळले तर हे काम आणखी लवकर होते. भरीव स्टेनलेस स्टीलमध्ये क्रोमियममुळे पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा तयार होतो आणि ओरखडा गेला तरी तो हवेत पुन्हा धरतो. त्याला लिंबाचे भय नाही. मात्र स्टील चौदाशे अंशांच्या आसपास वितळते आणि यंत्रावर कोरून काढावे लागते. किंमत त्या कारागिरीची असते.

भांड्यांवर ‘१८/८’ असे लिहिलेले असते तेच ३०४ प्रतीचे स्टील, म्हणजे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ प्रतीत दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम अधिक असते; ती समुद्राच्या खाऱ्या हवेसाठी उत्तम, पण रोज धुऊन पुसून ठेवायच्या वस्तूसाठी त्याचे जादा पैसे मोजण्याची गरज नाही. दाढी गुळगुळीत होणे हे तर स्टीलपेक्षा ब्लेडच्या धारेवर, डोक्याच्या फटीवर आणि हाताच्या कोनावर अवलंबून असते.

मूठ स्वस्त विकून ब्लेडवर कमवायचे, ही युक्ती किंग जिलेट यांनीच काढली, असे व्यवस्थापनाच्या वर्गांतून सांगितले जाते. वस्तुस्थिती तशी सरळ नाही. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, त्यांचे अवघे ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपले. रेझरची किंमत पाच डॉलर, म्हणजे त्या काळी चैनीची होती, आणि १९०४ चे पेटंट जिवंत असेपर्यंत ती फारशी उतरली नाही. १९२१ मध्ये पेटंटची मुदत संपल्यावर स्पर्धक आले, तेव्हा कंपनीने स्वस्त रेझर काढले. पुढे १९६२ च्या सुमारास इंग्लंडच्या विल्किन्सन स्वोर्डने स्टेनलेस ब्लेड बाजारात रुजवले आणि गंजणाऱ्या ब्लेडचे दिवस सरले. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील विद्युत मेटॅलिक्सचे सुपरमॅक्स कित्येक घरांत वापरले गेले. जिलेटचा कारखाना राजस्थानातच, भिवाडीला उभा राहिला. दुधारी ब्लेडचा आकार एकच असल्यामुळे कोणत्याही कंपनीचे ब्लेड कोणत्याही रेझरला बसते. ग्राहकाची खरी सौदाशक्ती या गोष्टीत आहे आणि ती चारशेच्या रेझरलाही तेवढीच लाभते.

तरीही स्टीलचा घ्यायचे ठरलेच, तर ‘स्टील’ म्हणून मुलामा गळ्यात पडू नये. चुंबकाची परीक्षा येथे उपयोगी नाही. ३०४ स्टील, जस्ताचा मिश्रधातू आणि पितळ, तिन्हींना चुंबक जवळपास धरतच नाही. जोहरी बाजारातील रत्नपारखी ज्या तत्त्वाने खड्याचे विशिष्ट गुरुत्व काढतात, ते घरच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावरही वापरता येते. आधी रेझर कोरडा तोलावा. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि दोऱ्याला बांधलेला रेझर, भाग सुटे करून, बुडाला न टेकवता पूर्ण बुडवावा. आत हवेचे बुडबुडे राहू देऊ नयेत. ऐंशी ग्रॅमच्या रेझरला काटा दहा ग्रॅमच्या आसपास दाखवत असेल तर ते स्टील, बाराच्या वर गेला तर जस्ताचा मिश्रधातू, आणि साडेनऊच्या खाली राहिला तर मुलाम्याखाली पितळ आहे.