अवयव पडत नाहीत?

प्रस्तुत लेखिकेला बीजगणित शिकवायला लागून तेव्हा १२ वर्षं झाली होती. नववीच्या वर्गात फळ्यावर क्ष⁴ + क्ष² + १ ही त्रिपदी लिहून तिने सांगितलं, “क्ष² ला म माना. झालं म² + म + १. आता गुणाकार १ आणि बेरीजही १, अशा दोन संख्या सापडतात? नाही. म्हणजे अवयव पडत नाहीत. पुढचं गणित घ्या.”

मधल्या सुट्टीत एक मुलगी वही घेऊन दारात उभी. “बाई, मी क्षच्या किमती घालून बघितल्या. २ ला २१ येतात, ३ ला ९१, ४ ला २७३.” प्रत्येक उत्तर तिने फोडलंही होतं: ३ × ७, ७ × १३, १३ × २१. “वरच्या ओळीतला दुसरा आकडा खालच्या ओळीत पहिला होतोय. हे उगाच कसं होईल?”

उगाच होत नव्हतं. ३, ७, १३ या क्ष² − क्ष + १ च्या किमती होत्या आणि ७, १३, २१ या क्ष² + क्ष + १ च्या. हे दोन कंस गुणले की फळ्यावरची त्रिपदी जशीच्या तशी मिळते.

तपासलं होतं म चं आणि निकाल लावला होता क्ष चा, ही खरी गफलत. वाट तर सोपी होती. एक क्ष² मिळवायचा आणि लगेच वजा करायचा: (क्ष² + १)² − क्ष². दोन वर्गांची वजाबाकी, मुलांना तोंडपाठ असलेलं सूत्र!

या चुकीत सोबतही मोठी आहे. न्यूटनच्या जोडीने ज्याला कलनशास्त्राचा जनक मानतात, त्या लाइबनिझने १७०२ मध्ये लिहिलं की क्ष⁴ + अ⁴ चे वास्तव सहगुणकांचे अवयव पडत नाहीत. २अ²क्ष² मिळवून वजा केले असते, तर (क्ष² + अ²)² − २अ²क्ष² दिसलं असतं आणि √२ घेऊन दोन कंस सुटले असते. पुढे निकोलस बर्नूलीने क्ष⁴ − ४क्ष³ + २क्ष² + ४क्ष + ४ बद्दल असाच निर्वाळा दिला. १७४२ मध्ये ऑयलरने त्याचे अवयव पाडून पत्राने कळवले.

‘मिळवा आणि वर्ग करा’ ही युक्ती त्याच्या कितीतरी आधीची. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात क्ष⁴ − २क्ष² − ४००क्ष = ९९९९ हे समीकरण येतं. दोन्ही बाजूंना ४क्ष² + ४००क्ष + १ मिळवले की डावीकडे (क्ष² + १)² आणि उजवीकडे (२क्ष + १००)² उभा राहतो. क्ष ची किंमत निघते ११.

त्या मधल्या सुट्टीपासून लेखिकेच्या वर्गात अशा त्रिपदींची झडती ठरलेल्या क्रमाने होते.

आधी सामाईक अवयव. ३क्ष⁷ − १५क्ष⁵ + १२क्ष³ मधून ३क्ष³ बाहेर काढला की क्ष⁴ − ५क्ष² + ४ एवढंच उरतं.

मग घातांक. पहिला घातांक मधल्याच्या दुप्पट असेल, तरच म मानून वर्गत्रिपदी होते. क्ष⁶ − ७क्ष³ − ८ मध्ये म म्हणजे क्ष³. इथे १६ चं वर्गमूळ ४ म्हणून क्ष¹⁶ चं वर्गमूळ क्ष⁴ लिहिणारे दरवर्षी भेटतात. ते क्ष⁸ आहे. घातांकाचं वर्गमूळ घ्यायचं नसतं, तो निम्मा करायचा असतो.

सर्वात जास्त गुण जातात ते घाईने थांबल्यामुळे. काही जण उत्तर म मध्येच सोडतात. काही जण (क्ष³ − ८)(क्ष³ + १) लिहून पेन ठेवतात, आणि घनांची सूत्रं लावून मिळणारे (क्ष − २)(क्ष² + २क्ष + ४)(क्ष + १)(क्ष² − क्ष + १) हे चार कंस लिहायचे राहतात.

म वापरून जमलं नाही, तर दोन्ही टोकांची पदं पूर्ण वर्ग आहेत का ते पाहायचं. क्ष⁴ − ७क्ष² + ९ घ्या. (क्ष² + ३)² धरला तर १३क्ष² वजा करावे लागतात आणि गाडी अडते. (क्ष² − ३)² धरला तर फक्त क्ष² वजा होतो आणि उत्तर मिळतं: (क्ष² − क्ष − ३)(क्ष² + क्ष − ३). दोन्ही चिन्हं आजमावल्याशिवाय हात टेकायचे नाहीत.

शेवटी त्या मुलीची रीत: क्ष = २ घालून दोन्ही बाजू ताडून पाहायच्या. इथे दोन्हीकडे −३ येतात. किंमत जुळली म्हणजे उत्तर सिद्ध झालं असं नाही, पण जुळली नाही तर चूक नक्की.

क्ष⁴ + ३क्ष² + १ मात्र यातल्या कशालाच दाद देत नाही. या जातीच्या चतुर्थघाती त्रिपदीला, सहगुणक परिमेय हवे असतील तर, तिसरी वाटच नसते. म्हणून लेखिका आता फळ्यावर वाक्य पूर्ण लिहिते: ‘परिमेय सहगुणक घेऊन अवयव पडत नाहीत.’ खडू खाली ठेवेपर्यंत मागच्या बाकावरून हमखास प्रश्न येतो, “बाई, √५ चालत असेल तर?”