लक्षद्वीपला जहाजाने केव्हा जावे?

कोचीहून लक्षद्वीपला प्रवासी जहाजे जातात. कवरत्ती बेट तेथून सुमारे 400 किलोमीटरवर आहे. सहलीचा बेत आखताना घरातील मंडळी पहिला प्रश्न विचारतात, ‘‘तिकडे फार उकडत तर नाही ना?’’ या बेटांच्या बाबतीत तो प्रश्न फारसा कामाचा नाही. चहूकडे समुद्र, आणि पाण्याची विशिष्ट उष्णता मोठी. त्यामुळे जानेवारी आणि एप्रिल यांच्या सरासरी तापमानात जेमतेम तीन अंश सेल्सिअसचा फरक पडतो. नागपूरच्या विद्यार्थ्यांना हे वाचून हेवाच वाटेल! तेव्हा तापमापक बाजूला ठेवून आपण लाटांकडे वळू या.

लक्षद्वीपची बहुतेक बेटे प्रवाळांची आहेत. त्यांच्या एका बाजूस प्रवाळांच्या कड्याने अडविलेले उथळ पाणी असते. त्याला खारकच्छ म्हणतात. मोठे जहाज तेथे शिरू शकत नाही. ते बाहेर खोल पाण्यात थांबते आणि प्रवाशांना बहुधा लहान होडीत उतरून किनारा गाठावा लागतो. लाट मोठी असली की होडी जहाजाशेजारी दोन-तीन मीटर वर-खाली होऊ लागते. सामान घेऊन, लहान मुलांसह तिच्यात पाय टाकणे म्हणजे काय, याची कल्पना करा. प्रवासातला खरा धोक्याचा क्षण हाच.

आता लाट मोठी कशाने होते? वारा सुटलेला असताना एखाद्या तळ्याकाठी जाऊन पाहा. वारा ज्या काठावरून येतो तेथील पाणी जवळजवळ सपाट असते. समोरच्या काठावर मात्र लाटा थपथप आदळत असतात. वारा तोच, वेळही तीच. फरक आहे तो वाऱ्याला पाण्यावरून किती अंतर धावावयास मिळाले याचा. लाटेची उंची वाऱ्याचा वेग, तो वाहण्याचा काळ आणि ही धाव या तिन्हींवर ठरते.

जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालियाच्या किनाऱ्याकडून येतात. लक्षद्वीपपर्यंत त्यांना सुमारे 2,400 किलोमीटर मोकळा समुद्र मिळतो, शिवाय वेगही जोरदार आणि वाहणे आठवडेच्या आठवडे. हिवाळ्यात वारा मुख्यतः ईशान्येकडून व उत्तरेकडून, म्हणजे बराचसा जमिनीच्या बाजूने येतो. केरळचा किनारा कवरत्तीपासून सुमारे 350 किलोमीटरवर आहे. वाराही मंद असतो, धावही तोकडी. मोसमी वाऱ्यात तीन मीटरांची लाट नवलाची नाही. जानेवारीत ती एक मीटरच्या आसपास असते. लाटेची ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे उंची तिप्पट, तर ऊर्जा नऊपट! बेटांवरील रहिवाशांना गरजेपोटी पावसाळ्यातही ये-जा करावी लागते. पाहुण्यांनी तेव्हा जाण्याचे कारण नाही.

मग पावसाळा सोडून कोणताही महिना चालेल का? नाही. चक्रीवादळ तयार होण्यास साधारणपणे 26.5 अंशांहून उष्ण समुद्र लागतो. आणि खालचे व उंचावरचे वारे फार भिन्न असून चालत नाहीत, नाहीतर वादळाचा खांब वाकडा होऊन मोडतो. भर पावसाळ्यात हे वारे अगदी उलटसुलट असतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळे क्वचितच होतात. मोसमी पावसाच्या अलीकडे आणि पलीकडे मात्र दोन्ही अटी जुळतात. तौक्ते हे चक्रीवादळ मे 2021 मध्ये लक्षद्वीपजवळून गेले, तर ओखी डिसेंबर 2017 च्या आरंभी. आपल्या शाळांची दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी नेमकी याच दोन काळांत येते, हे दुर्दैवच!

एप्रिल-मेची आणखी एक अडचण आहे. तेव्हा या भागातील समुद्राचा पृष्ठभाग 30 अंशांपर्यंत आणि कधी त्याहूनही अधिक तापतो. उष्णता फार वाढली की प्रवाळ आपल्या शरीरातील सूक्ष्म शैवाल बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. 1998, 2010, 2016 आणि 2024 या वर्षी लक्षद्वीपमध्ये असे घडले. ज्यांना काचेच्या तळाच्या होडीतून रंगीत प्रवाळ पाहावयाचे आहेत, त्यांनी जानेवारीच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ निवडावा. परीक्षेमुळे ते जमणार नसेल, तर नाताळची सुट्टी बरी. मात्र निघण्यापूर्वी चार-पाच दिवस हवामान खात्याचा समुद्रासंबंधीचा इशारा रोज पाहावा, आणि त्यात वाऱ्याच्या वेगाबरोबर लाटेची उंचीही वाचावी.