फोनवरची मासळी विक्री : वेळ कुठे जातो आणि तो कसा वाचवायचा



आपल्या बऱ्याच घरांतून आता व्हॉट्सअॅपवर मासळी विकली जाते. जेटीवर लिलावात जो भाव मिळतो त्यापेक्षा थेट गिऱ्हाईक दोन पैसे जास्त देतं, म्हणून हे चांगलंच आहे. पण संस्थेत येणाऱ्या बायका-पुरुषांकडून एकच तक्रार ऐकू येते, "विक्री होते हो, पण फोन काही हातातून सुटत नाही." म्हणून आजचा लेख या एकाच विषयावर. घरात जी व्यक्ती फोन सांभाळते तिने तो नक्की वाचावा, आणि होडीवाल्यांनी पण वाचावा.

एक गोष्ट आधी समजून घेऊ. कपड्याच्या दुकानदाराने तासभर फोनमध्ये घालवला तर कापड आहे तसंच राहतं. आपला माल तसा नाही. आपण "किती किलो पाहिजे?" हे टाइप करत बसतो तेव्हा इकडे टोपलीतला बर्फ वितळत असतो. एक किलो मासळीला एक किलो बर्फ, हा आपल्याकडच्या उन्हाचा साधा हिशेब. बांगडा, तारली यांच्यासारखी मासळी उन्हात राहिली तर तिच्यात हिस्टामिन नावाचा पदार्थ तयार होतो. तो शिजवूनही जात नाही. खाणाऱ्याच्या अंगावर पित्त उठतं, तोंड लाल होतं, आणि ते गिऱ्हाईक परत येत नाही. म्हणजे फोनवर वाया गेलेला वेळ शेवटी मासळीच्या अंगावर निघतो.

आता वेळेचा हिशेब मांडू. समजा सकाळी 30 लोकांनी विचारलं. "इसवण आसा?" "कशें दिलें?" "कापून देणार?" "घरी पोचवणार?" "थोडं कमी करा ना." एका माणसामागे 4 मिनिटं धरली तरी 120 मिनिटं, म्हणजे दोन तास. त्यातल्या 12 जणांनी मासळी घेतली असं धरलं, तर उरलेल्या 18 जणांवर 72 मिनिटं गेली आणि हातात काही आलं नाही. हे सगळं सकाळच्या त्याच वेळेत, जेव्हा मासळी साफ करायची, कापायची आणि पोचवायची असते.

कुठल्या सवयींमुळे हा वेळ जातो ते एकेक बघू.

1. प्रत्येकाला वेगळा भाव सांगणे

भाव सगळ्यांना एकच असतो, मग तो तीस वेळा कशाला लिहायचा? लिलाव आटोपला, माल हातात आला, की एकच यादी करा. तिच्यात या गोष्टी हव्यात: मासळीचं नाव, साधारण आकार, किलोचा भाव, वजन कापण्याआधीचं की साफ केल्यानंतरचं, ऑर्डर किती वाजेपर्यंत घेणार, आज कुठल्या भागात पोचवणार, पैसे कसे द्यायचे.

यातली वजनाची ओळ कधी सोडू नका. इसवण कापल्यावर डोकं, पोटातली घाण जाते आणि वजन उतरतं. गिऱ्हाईक घरी तोलून बघतं आणि मग फोनवर अर्धा तास वाद. एका ओळीने तो वाद संपतो.

ही यादी ब्रॉडकास्ट लिस्टवर पाठवा. एका लिस्टमध्ये 256 नंबर बसतात आणि प्रत्येकाला मेसेज स्वतंत्र मिळतो. पण लक्षात ठेवा, ज्याने तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केला आहे त्यालाच तो पोचतो. नवीन गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी सांगा, "माझा नंबर सेव्ह करा, म्हणजे रोजची यादी येईल."

2. तेच उत्तर पुन्हा पुन्हा टाइप करणे

साधं व्हॉट्सअॅप असेल तर व्हॉट्सअॅप बिझनेस घ्या. फुकट आहे. त्यात 'क्विक रिप्लाय' म्हणून सोय आहे. नेहमीची उत्तरं एकदाच लिहून ठेवायची आणि तिरकी रेघ (/) मारून निवडायची. पोचवण्याचे भाग, पैसे देण्याची पद्धत, सोमवारी सुट्टी, अशी पाच-सहा उत्तरं लिहून ठेवली की पुरे. 'अवे मेसेज' पण लावा, म्हणजे तुम्ही मासळी कापत असताना गिऱ्हाइकाला आपोआप उत्तर जातं: "सध्या माल पॅक करतोय, संध्याकाळी 6 नंतर उत्तर देतो."

3. टिंग वाजलं की फोन बघणे

ही सगळ्यात मोठी सवय. हात मासळीत, हात धुतला, फोन बघितला, तर कुणाचा तरी "शुभ सकाळ". पुन्हा हात मासळीत. प्रत्येक वेळी काम तुटतं, आणि कधी बोट पण कापतं. फोन बघायच्या वेळा ठरवा. गल्लीचे, शाळेचे, नातेवाइकांचे ग्रुप सकाळपुरते म्यूट करा. जमत असेल तर धंद्याचा नंबर वेगळा ठेवा, म्हणजे त्या फोनवर फक्त गिऱ्हाईकच येईल.

4. फोटोवर फोटो

वीस फोटो काढायचे, त्यातले निवडायचे, उजेड वाढवायचा, वर गाणं लावायचं. गिऱ्हाइकाला गाणं नको असतं. त्याला गलफडा लाल आहे का, डोळा चकचकीत आहे का, आकार केवढा आहे, एवढंच बघायचं असतं. टोपलीचा एक फोटो आणि हातात धरलेल्या एका मासळीचा एक, असे दोन बास. दुसऱ्याचा किंवा कालचा फोटो मात्र टाकू नका. एकदा पकडले गेलात की पुढचे चार महिने प्रत्येक जण "आजचाच फोटो काय?" असं विचारून वेळ खाणार.

5. ऑर्डरला शेवटची वेळ नसणे

"जरा थांबा, नवऱ्याला विचारून सांगते" म्हणून गिऱ्हाईक जातं आणि आपण दोन किलो पापलेट बाजूला ठेवून वाट बघतो. साडेआठ म्हणजे साडेआठ. ज्याने पैसे पाठवले त्याचा माल पक्का, बाकी सगळा मोकळा. पहिले आठ दिवस दोन-चार माणसं रागावतील. मग त्यांना पण सवय होते. जेटीवर लिलावाला उशिरा आलेल्यासाठी कोण थांबतं?

6. पैशांची खात्री स्क्रीनशॉटवर करणे

स्क्रीनशॉट खोटा करता येतो. पैसे जमा झाले की नाही ते आपल्या बँकेच्या खात्यात किंवा यूपीआय अॅपमध्ये बघा. आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, पैसे घेण्यासाठी कधीच पिन टाकावा लागत नाही. कुणी "पैसे पाठवतो, पिन टाका" म्हणाला तर फोन ठेवा. एक फसवणूक झाली तर बँक आणि पोलीस करण्यात आठवडे जातात.

7. एका किलोसाठी गावभर फिरणे

सकाळी एक ऑर्डर पर्वरीला, एक ताळगावला, एक म्हापशाला. पेट्रोल जातं, पुलावर गाडी अडकते, डब्यातला बर्फ संपतो. भाग वाटून घ्या. आठवड्यातले दोन दिवस एक बाजू, दोन दिवस दुसरी. म्हापशाला तुमचं कुणी शुक्रवारच्या बाजाराला जातंच, तर तिथल्या ऑर्डरी त्याच दिवशी घ्या. एका भागातल्या सोसायटीत पाच घरं मिळाली तर ती दहा ठिकाणच्या दहा घरांपेक्षा बरी.

8. लाइक मोजत बसणे

रील पाहिली हजार लोकांनी, पण त्यातले किती आपल्या जेटीपासून अर्ध्या तासावर राहतात? पुण्याचा माणूस लाइक करेल, इसवण घेणार नाही. शंभर नेहमीची गिऱ्हाइकं ज्याच्या वहीत आहेत त्याचा धंदा चालतो. वहीत नाव, भाग, काय आवडतं, कुठल्या दिवशी खात नाही एवढं लिहा. बऱ्याच हिंदू घरांत सोमवारी मासळी नसते, श्रावणात तर महिनाभर नसते. ते माहीत असेल तर त्या दिवशी त्यांना मेसेज करण्याची मेहनत वाचते आणि त्यांनाही बरं वाटतं.

दिवसाचं वेळापत्रक

प्रत्येकाची होडी वेगळ्या वेळी लागते, त्यामुळे वेळा मागेपुढे करा. नमुना असा:

सकाळी 7 वाजता – यादी आणि दोन फोटो पाठवणे.
7 ते 8.30 – ऑर्डर घेणे, पैसे तपासणे, वहीत उतरवणे.
8.30 ते 10 – साफसफाई, कापणे, बर्फात पॅकिंग. फोन बंद पेटीत.
10 ते 12 – पोचवणे. फोन फक्त पत्ता विचारायला.
संध्याकाळी 6 ते 6.30 – उरलेली उत्तरं, हिशेब, उद्याची चौकशी.

रात्री फोन धंद्यासाठी उघडायचा नाही. हे मुद्दाम लिहितोय. आपल्याकडे फोन बहुतेक घरातली बाई सांभाळते. ती पहाटे चारला उठते, जेटीवर जाते, मासळी कापते, स्वयंपाक करते, आणि रात्री अकराला गिऱ्हाइकाला "हो, आहे" लिहीत असते. जाळं, डिझेल, बर्फ यांचा खर्च आपण वहीत लिहितो. तिची झोप पण खर्चच आहे, तो कुणी लिहीत नाही. विक्री वाढली आणि घरचं माणूस आजारी पडलं, तर तो फायदा नव्हे.

बंदीच्या दिवसांत

1 जून ते 31 जुलै ट्रॉलर बांधलेले असतात. ताजा माल कमी, पण सुक्या मासळीची मागणी असते. सुके बांगडे, सुकी सुंगटं यांची विक्री फोनवर जास्त सोपी, कारण माल त्याच दिवशी जायची घाई नाही. पुरुमेंताची खरेदी लोक पावसाआधीच करतात, म्हणून यादी मे महिन्यातच पाठवा. पाकिटावर वजन आणि पॅक केल्याची तारीख लिहा, म्हणजे तेवढे प्रश्न कमी. अन्न परवान्याची नोंदणी राहिली असेल, क्विक रिप्लाय लिहायचे असतील, जुने नंबर साफ करायचे असतील, तर हेच दोन महिने त्यासाठी. ऑगस्टमध्ये होड्या पाण्यात उतरल्या की यातलं काही जमत नाही.

आठवडाभराचा अभ्यास

सगळं एकदम बदलू नका. पहिले सात दिवस फक्त लिहा: फोनवर किती वेळ गेला, किती जणांनी विचारलं, किती जणांनी घेतलं. कागदावर आकडे आले की कुठली सवय आधी सोडायची ते तुमचं तुम्हालाच दिसेल. मग एका वेळी एकच सवय बदला. पहिली कुठली विचाराल तर मी म्हणेन, ऑर्डरची शेवटची वेळ. तेवढी एक पाळली तरी सकाळ मोकळी होते.

ज्यांना क्विक रिप्लाय किंवा ब्रॉडकास्ट लिस्ट जमत नाही त्यांनी फोन घेऊन संस्थेच्या कार्यालयात यावं, आपण एकत्र बसून करू. दहा मिनिटांचं काम आहे. येताना सात दिवसांची वही पण आणा.

आपला,
सचिव