बॉड, बिट आणि बाइट

पनवेल-उरण भागात भाताची शेती पूर्वीपासून चालत आली आहे. चिरनेरमधल्या एखाद्या आजोबांना पीक किती आले असे विचारले, तर ते खंडी आणि मण यांत सांगतील. त्यांचा नातू तेच पीक क्विंटलमध्ये सांगेल. भात तेच आहे, माप मात्र बदलले. एक मण म्हणजे किती किलो, हे कळले की दोघांचा हिशेब जुळतो.

तारेतून जाणाऱ्या माहितीच्या वेगाचेही असेच आहे. जुन्या टेलेक्स यंत्राचा वेग 'बॉड'मध्ये सांगत. आज मोबाइलच्या दुकानात आपण 'एमबीपीएस' हा शब्द ऐकतो. ही मापे एकमेकांशी कशी जुळवायची, ते आता पाहू.

आधी बिट समजून घ्या. 'होय' किंवा 'नाही', एवढेच सांगणारी लहानात लहान खूण म्हणजे बिट. आठ बिट मिळून एक बाइट होतो. वेग मोजतात बिटमध्ये आणि फाइलचे वजन मोजतात बाइटमध्ये. सगळा घोटाळा इथेच होतो. एखाद्या घरात १०० एमबीपीएसची जोडणी घेतात. मग १०० मेगाबाइटची फाइल एका सेकंदात का येत नाही, म्हणून दुकानदाराशी भांडतात! मेगाबिटला आठाने भागले की मेगाबाइट मिळतात. १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. म्हणून त्या फाइलला निदान ८ सेकंद लागणारच. यात दुकानदाराने काही फसवलेले नाही.

आता बॉड. हे नाव फ्रान्सचे तारतज्ज्ञ एमिल बॉडो यांच्यावरून पडले. तारेवरची खूण एका सेकंदात किती वेळा बदलू शकते, ते बॉड सांगतो. समजा, पनवेलहून चिरनेरला दिवसात दहा गाड्या जातात. तेवढ्यावरून किती माणसे गेली हे कळेल का? नाही. एका गाडीत किती माणसे बसली, तेही विचारावे लागेल. बॉड म्हणजे गाड्या आणि बिट म्हणजे माणसे.

टेलेक्सचा वेग ५० बॉड होता. तिथे एका खुणेत एकच बिट जाई. एका अक्षराला पाच बिट लागत. पण अक्षर कुठे सुरू झाले आणि कुठे संपले, हे कळवायला आणखी अडीच खुणांची जागा जाई. ५० भागिले साडेसात केले, तर सेकंदाला साडेसहाहून थोडी जास्त अक्षरे होतात, म्हणजे मिनिटाला ४००. चांगला टंकलेखक जवळजवळ त्याच वेगाने टंकलेखन करतो. त्या काळच्या व्यापाऱ्याला तेवढे पुरत होते.

पुढे मोडेम आले आणि गाडीत जास्त माणसे बसू लागली. ९६०० बिटचा एक मोडेम प्रत्यक्षात २४०० बॉडवर चाले. प्रत्येक खुणेत तो चार बिट पाठवी. तरी लोक त्याला '९६०० बॉडचा मोडेम' म्हणत. हे चूक आहे. म्हणून जुन्या कागदावर बॉड दिसला, की आधी विचारा : एका खुणेत किती बिट?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने मुंबईत व आणखी काही मोठ्या शहरांत लोकांसाठी इंटरनेट सुरू केले. साध्या फोनच्या तारेवरून तेव्हा ९.६ केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट, असा वेग मिळे. आता एक उदाहरण घ्या. प्रवेशअर्जासोबत दाखल्याची २ मेगाबाइटची फाइल पाठवायची आहे. २ गुणिले ८ म्हणजे १६ मेगाबिट, अर्थात १,६०,००,००० बिट. त्यांना ९६०० ने भागा. उत्तर येते सुमारे १६६७ सेकंद, म्हणजे जवळजवळ २८ मिनिटे! तेवढ्यात फोन तुटला, तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसला 'ब्रॉडबँड' म्हटले होते. त्या वेगाने ६२.५ सेकंद लागतील. २०२३ मध्ये ही मर्यादा २ एमबीपीएस झाली. आता ८ सेकंद पुरेत.

टेलिफोन खात्यातले एक माप फार गमतीचे आहे. आवाज पाठवताना तो सेकंदाला ८००० वेळा मोजतात आणि प्रत्येक मापाला ८ बिट देतात. ८००० गुणिले ८ म्हणजे ६४ किलोबिट, हा झाला एक आवाज. अशा ३२ वाटा एकत्र केल्या की २०४८ किलोबिट होतात. यातल्या ३० वाटा बोलण्यासाठी असतात आणि दोन यंत्रांच्या आपसातल्या खुणांसाठी. संगणक शिकलेली मुले २०४८ पाहून लगेच म्हणतात, "हे तर बरोबर २ मेगाबिट!" कारण संगणकाच्या स्मृतीत १०२४ चा हिशेब चालतो. पण तारेच्या वेगात किलो म्हणजे सरळ १००० असतात. म्हणून उत्तर २.०४८ एमबीपीएस असे लिहायचे.

जाता जाता एक सांगतो. संगणकाच्या आजच्या रूढ लिपिसंकेतात उर्दूचे एक अक्षर २ बाइट घेते आणि देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट. उर्दूत 'पानी' लिहायला पे, अलिफ, नून, ये अशी चार अक्षरे लागतात, म्हणजे ८ बाइट झाले. मराठीत 'पाणी' लिहिताना प, काना, ण, वेलांटी अशा चार खुणा होतात, म्हणजे १२ बाइट झाले. अर्थ तोच, पण मराठी पाण्याचे वजन दीडपट!

शेवटी वाटणीचा हिशेब. ग्रामपंचायतींपर्यंत किमान १०० एमबीपीएसचा वेग न्यावा, असे भारतनेट योजनेचे उद्दिष्ट आहे. समजा, अशी जोडणी एका गावात आली आणि निकालाच्या दिवशी ५० मुले एकाच वेळी निकाल पाहू लागली. वेग सारखा वाटला गेला, तर प्रत्येकाच्या वाट्याला २ एमबीपीएस येतील. २०० मुले बसली, तर अर्धा एमबीपीएस, म्हणजे ५०० केबीपीएस. अशा वेळी निकाल उघडायला उशीर लागला, तर आपला मोबाइल बिघडला असे समजू नका.

स्वाध्याय
१. ५६ केबीपीएसच्या मोडेमवरून २ मेगाबाइटची फाइल जायला किती वेळ लागेल?
२. ६०० बॉडच्या मोडेममध्ये प्रत्येक खुणेत ४ बिट जातात. त्याचा वेग केबीपीएसमध्ये सांगा.
३. आपले नाव उर्दूत व मराठीत लिहा. दोन्हींचे बाइट मोजा.