पिंट्याचं नाव अंगणवाडीतून काढू नकोस

अंबड

चि. सौ. सोनूस,


काल बाजारात तुझी जाऊ भेटली. म्हणाली, पिंट्याला अंगणवाडीत पाठवणं बंद केलं. लेकरू कुणात मिसळत नाही, दारातच उभं राहतं, एका पोरानं ढकललं तर दिवसभर पदर सोडला नाही म्हणे. सासूबाईंनी दृष्टही काढली. काढू देत, मीठ-मोहरीनं कुणाचं वाईट होत नाही. पण अंगणवाडी का सोडवलीस?

अगं, तीन वर्षांचं लेकरू दारात उभं राहून बघतं, तेव्हा ते रिकामं नसतं. मिल्ड्रेड पार्टन नावाच्या अमेरिकन बाईंनी १९३२ साली लहान मुलांच्या खेळाचे टप्पे मांडले. एकट्यानं खेळणं, दुसऱ्यांचं बघत राहणं, शेजारी बसून आपापलं खेळणं, आणि मग कुठे मिळून खेळणं. मी अंगणवाडीत हयात घालवली, तिथंही हेच पाहिलं. भित्रं पोर आधी नुसतं बघतं. मग दुसऱ्याच्या डब्याशेजारी आपला डबा ठेवून माती भरायला लागतं, बोलत नाही. कधीतरी डबा सांडतो, ते दुसरं हसतं, मग हेही हसतं. झालं! आपण फक्त मधे पडायचं नसतं. "जा की, लाजतोस काय" असं चारचौघांत म्हटलं की पोर परत पदराआड. आणि त्याच्याजवळ त्याच्याहून थोडं लहान लेकरू बसव. लहानासमोर भित्र्यालाही दादा होता येतं.

मोबाइल देऊन घरीच सांभाळीन म्हणशील. मोबाइल ढकलत नाही, खरं आहे. पण तो "तुझा डबा दे" असंही म्हणत नाही.

ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालवाडी काढली, अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. गोरगरिबांची लेकरं येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीतल्या अंगणात नेली. येत नाहीत म्हणून त्यांनी कुणाला सोडून दिलं नाही. आणि तू आई असून नाव काढतेस!

मला आमच्या आजीनं गल्लीत खेळू दिलं नाही. सागरगोट्यांचा डाव उंबऱ्यातून बघून बघून पाठ झाला होता, हातात मात्र कधी आला नाही. पुढे मुख्यसेविकाबाईंच्या बैठकीत उत्तर ठाऊक असूनही माझं तोंड उघडायचं नाही. अजून वाटतं, तेव्हा कुणी नुसतं दार उघडं ठेवलं असतं तर...

असो. फार बोलले, मनाला लावून घेऊ नकोस. पिंट्यापेक्षा तूच जास्त रडलीस, हेही जावेनं सांगितलं. तूही अशीच होतीस, पाहुणा आला की कणगीमागे लपायचीस. तुझ्या बाबांनी कधी ओढून बाहेर काढलं नाही.

अंगणवाडीच्या ताईंना सांग, सोमवारपासून पिंट्या येतो म्हणून. सुरुवातीला तू तिथंच बस, तांदूळ निवडत बस हवं तर. निघताना त्याला सांगून निघ, डोळा चुकवून नको. रडला तरी सांगूनच.

रविवारी दुपारच्या एसटीनं येते. मोसंबी आणत नाही, तुमच्या बागेतलीच खाईन. सागरगोटे मात्र आणते. पिंट्यासाठी नाही, त्याचं अजून काहीही तोंडात घालायचं वय. तो अंगणवाडीत गेला की घर खायला उठेल तुला, तेव्हा आपण दोघी खेळू. तुला येतात ना? मला शिकव. आणि वेळेवर जेवत जा गं.

तुझी
आत्या