नाव न मागणारी सेवा

वसई

चि. धाकटीस,


तुझं गाऱ्हाणं तुझ्या आईकडून कळलं. दिवसभर राबायचं आपण आणि राउंडच्या वेळी शाबासकी दुसरीला. त्यात कामं तरी कसली, तर बेडपॅन, चादरी आणि स्पंजिंग! नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला हे सगळ्याच पोरींच्या मनात येतं. नुसतं ‘सोस गं’ म्हणून मी तुझी बोळवण करणार नाही. तू ज्या गावात शिकतेस तिथंच याचं उत्तर आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

अशोका रोडवरच्या ज्या चर्चमध्ये तू रविवारी मिस्साला जातेस, त्याला सगळं म्हैसूर सेंट फिलोमिना म्हणतं. रिक्षावालाही त्याच नावानं नेतो. पण त्याचं पूर्ण नाव आहे संत जोसेफ आणि संत फिलोमिना कॅथेड्रल. जोसेफचं नाव आधी, आणि लोकांच्या तोंडून गळालं तेही नेमकं त्याचंच! त्या जागी १८४३ साली मुम्मडी कृष्णराज वोडेयर यांनी चर्च बांधून दिलं होतं. आताच्या इमारतीची कोनशिला २८ ऑक्टोबर १९३३ रोजी नाल्वडी कृष्णराज वोडेयर यांनी बसवली. फिलोमिनेचे पवित्र अवशेष म्हैसूरला आले ते त्यांच्याच दरबारातले थंबू चेट्टी यांच्या खटपटीनं.

आता या दोन संतांकडे जरा नीट बघ. रोमच्या भुयारी दफनभूमीत १८०२ साली एका कोवळ्या मुलीच्या अस्थी सापडल्या, तीच फिलोमिना. तिचं आयुष्य कसं गेलं हे कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही. म्हणून १९६१ साली उपासनेच्या दिनदर्शिकेतून तिचा सण वगळला गेला. आणि मरियेचा पती जोसेफ? चारही शुभवर्तमानं चाळलीस तरी त्याच्या तोंडचं एक वाक्य सापडणार नाही. एकाचे शब्द नाहीत, दुसरीचं चरित्र नाही आणि दोघांच्या नावानं उभे आहेत १७५ फुटी मनोरे. तुझी शाबासकी हुकली म्हणून तुझं काम वाया गेलं, असं कोण म्हणेल?

जोसेफ बोलत नाही, पण करतो काय ते मत्तयाच्या पहिल्या दोन अध्यायांत वाच. मरिया गरोदर आहे हे कळलं, तेव्हा त्याचा पहिला विचार होता तिची चारचौघांत बेअब्रू होऊ नये हा. तुझ्या वॉर्डात हाच गुण रोज लागतो. स्पंजिंग करताना आधी पडदा ओढायचा, एका वेळी एकच अवयव उघडा करायचा, पुसून कोरडा केला की लगेच झाकायचा. अंथरूण ओलं करणाऱ्या आजोबांना ‘काही नाही हो, पाणी सांडलं’ एवढंच म्हणून चादर बदलायची. आणि त्यांचं दुखणं हॉस्टेलच्या जेवणाच्या टेबलावर चघळायचं नाही.

दुसरी गोष्ट त्याच्या उठण्याची. हेरोद राजा बाळ येशूच्या जिवावर उठलाय हे स्वप्नात कळताच तो त्याच रात्री मायलेकरांना घेऊन इजिप्तच्या वाटेला लागला. पडून राहणाऱ्या रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची असते, ती पहाटे चारलाही. चादरीची एक सुरकुती माकडहाडाखाली राहिली तर आधी कातडी लाल होते, मग जखम होते. ही जखम झाली की सगळ्यांना दिसते. तुझ्यामुळे ती झाली नाही, हे कुणालाच दिसत नाही. सुताराचं काम करणाऱ्या या संताला त्याचं मोल बरोब्बर कळलं असतं.

मात्र त्याच्या गप्प राहण्याचा सोयीस्कर अर्थ काढू नकोस. जोसेफ कमी बोलायचा, पण धोका दिसल्यावर हातावर हात ठेवून बसला नाही. औषधाचा डोस चुकीचा वाटला, कुणी गरीब बाईवर खेकसत असेल, तर तिथं तोंड उघडायचं. स्वतःच्या कौतुकाबाबत गप्प राहावं, रुग्णाबाबत नव्हे.

नाव कशानं होतं आणि कामी काय येतं, यावरून म्हैसूरच्याच इतिहासातला एक फ्रेंच धर्मगुरू आठवतो, आबे दुब्वा. टिपू पडल्यावर तो तिथल्या विस्कटलेल्या ख्रिस्ती समाजासाठी आला. त्याचं हिंदू चालीरीतींवरचं पुस्तक जगभर गाजलं; आज त्यातली मतं वाचताना आपल्यालाही खटकतात. धर्मप्रसाराच्या बाबतीत तर आपल्या हाती काही लागलं नाही, असं लिहून तो १८२३ साली पॅरिसला परतला. पण याच माणसानं १८०३-०४च्या सुमारास गावोगाव देवीची लस पोचवली होती. ज्यांना ती टोचली ते देवीपासून वाचले, एवढं पुरे. ख्रिस्ती सेवेकडे संशयानं बघणारे तुलाही भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस. रुग्णाची जात, धर्म विचारायचा नाही, आपल्या सेवेची परतफेड श्रद्धेत मागायची नाही. मिस्साला जायचं ते त्यासाठी बळ मिळावं म्हणून.

कानडी येत नाही ही सबब मात्र चालणार नाही. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया जपानी इतकी उत्तम शिकला, की फ्रान्सिस्कनांचा दुभाषी झाला. तो धर्मगुरू नव्हता, साधा ब्रदर होता. १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मेला आणि १८६२ साली संत झाला. तू निदान ‘नोवु इदेया?’ आणि ‘नीरु बेका?’ एवढ्यापासून सुरुवात कर. दुखतंय का, पाणी हवं का, हे माणसाला त्याच्या भाषेत विचारलं की निम्मी भीती पळते.

आणि झोप काढत जा. नाइट ड्युटीवरून आल्यावर मोबाइल बघत बसणारी नर्स दुसऱ्या रात्री चुका करते, हे मी वॉर्डात पुष्कळ पाहिलंय. जोसेफलाही वाट झोपेतच दिसली. पोप फ्रान्सिस यांच्या टेबलावर झोपलेल्या जोसेफची मूर्ती असे. अडचण आली की चिठ्ठीवर लिहून ते ती मूर्तीखाली सरकवत. २०१५ साली मनिलात त्यांनीच हे सांगितलं होतं. कोविडच्या काळात त्यांनी जोसेफचं वर्ष जाहीर केलं, तेव्हाच्या पत्रात त्यांनी परिचारिका, सफाई कामगार, दुकानातले नोकर अशा पडद्याआडच्या माणसांची आठवण काढली. नाइट ड्युटीवरून आल्यावर मोबाइल बघत बसणारी नर्स दुसऱ्या रात्री चुका करते, हे मी वॉर्डात पुष्कळ पाहिलंय.

१९ मार्चला जोसेफचा सण आहे. ड्युटी नसेल तर मिस्साला जा. असेल तर ड्युटी चोख कर, तीही उपासनाच. सुट्टी कधी मिळते ते कळव, म्हणजे तिकिटाचं बघता येईल. आणि आईला अधूनमधून फोन करत जा, तीही बोलून दाखवत नाही.

तुझी,
आत्या