गिरणी बंद पडली, मग जमीन कुणाची?

भांडवल म्हटलं की आपल्याला पैसा आठवतो. मार्क्सवादी विचारात मात्र नफ्यासाठी सतत रूप बदलत राहणारी संपत्ती म्हणजे भांडवल. मुंबईच्या गिरणगावात हे स्पष्ट दिसतं.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पगारवाढ हवी होतीच. शिवाय वाटाघाटींचा हक्क एकाच मान्यताप्राप्त संघटनेला देणारा १९४६ चा कायदाही नको होता. हा संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. पण पगाराविना कामगार किती दिवस तग धरणार? मालक थांबू शकत होते. ही ताकदीची विषमता हाच डाव्या विचाराचा पहिला मुद्दा.

दुसरा मुद्दा जमिनीचा. १९९१ च्या नियमानुसार गिरण्यांच्या जमिनीचा साधारण एकेक तृतीयांश वाटा महापालिका, म्हाडा आणि मालक यांना मिळणार होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या जागेपुरती उरली. साहजिकच सार्वजनिक वाटा आक्रसला. जिथे साचे चालायचे, तिथे मॉल आणि टॉवर उभे राहिले.

काही जण म्हणतात, गिरण्या जुनाट होत्या, तोट्यात होत्या. अनेक होत्याही. पण जमिनीचा भाव कुणी वाढवला? रेल्वे, रस्ते, वस्ती यांनी, म्हणजे साऱ्या शहराने. मग तो फायदा एकट्या मालकाचा कसा?

तुमच्या गावात बंद कारखाना असेल, तर त्याच्या जागेचं काय झालं, ते विचारून या.